१६ एमबीत न मावणारी स्क्रीन

सकाळी ९.३०
हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून ऑफिसात पोचतो तोच डिझाइन टीमच्या मॅडमचा फोन. "नवा फोर-के मॉनिटर लावलाय, पण व्हीएम उघडलं की अक्षरं पुसट दिसतात. मॉनिटर परत पाठवू का?"
"थांबा मॅडम, पाठवू नका. आधी मशीन बघतो."

१०.००
त्यांचं लिनक्सचं व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअलायझेशन प्लॅटफॉर्मवर चालतं; त्याची स्क्रीन दाखवणारा कन्सोल ब्राउझरमध्ये उघडतो. आतल्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ३८४० × २१६० हा पर्यायच नाही. १९२० × १०८० चं चित्र ब्राउझर ताणून मोठं करतोय. टॅब आणि ॲड्रेस बारची जागा वजा झाल्यामुळे एका पिक्सेलचे नेमके दोनही होत नाहीत. ड्रॉइंगमधल्या बारीक तिरप्या रेषा एकमेकींत मिसळल्यात आणि मापातलं दशांशचिन्ह शोधावं लागतंय. दिवसभर अशी मापं वाचायची म्हणजे डोळ्यांना शिक्षाच.

हिशोब साधा आहे. एका पिक्सेलला ४ बाइट. ३८४० × २१६० × ४ म्हणजे ३,३१,७७,६०० बाइट, साधारण ३१.६ एमबी. व्हीएमच्या आभासी डिस्प्ले कार्डला मुळात मिळते १६ एमबी मेमरी. १०८० ची फ्रेम आठ एमबीच्या आत बसते, फोर-के मावणं शक्य नाही. मग ड्रायव्हर तो पर्याय निमूटपणे वगळतो. एरर नाही, सूचना नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण समोरचा माणूस आधी मॉनिटरला, मग केबलला आणि शेवटी स्वतःच्या चष्म्याला दोष देत बसतो.

११.१५
डिस्प्लेची मेमरी ६४ एमबी केली. काही ड्रायव्हर दोन फ्रेमपुरती जागा मागतात, म्हणून ३२ वर थांबलो नाही. ज्युनिअरने आतूनच रीस्टार्ट मारला. रेझोल्युशनची यादी जशीच्या तशी.
"अरे, आतून रीबूट करून नाही चालायचं. बाहेर व्हीएम चालवणारी क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते, म्हणजे कार्डही जुनंच. पूर्ण शटडाउन कर, मग स्टार्ट कर."
केलं, आणि ३८४० × २१६० यादीत आलं. आता अक्षरं मुंगीएवढी झाली, म्हणून आतलं स्केलिंग २०० टक्के. मॅडमनी ड्रॉइंगमधलं एक माप मोठ्याने वाचून दाखवलं, दशांशासकट.

२.३०
दुसऱ्या एका जुन्या व्हीएमवर माउसचा बाण एकीकडे, क्लिक भलतीकडे. तिथे पीएस-टू माउस होता. तो फक्त किती सरकलो तेवढं सांगतो, आणि आतल्या ॲक्सलरेशनमुळे फरक साठत जातो. यूएसबी टॅबलेट डिव्हाइस जोडलं, ते थेट जागा सांगतं. पाच मिनिटांचं काम.

४.४५
नाशिकहून घरून काम करणारा सहकारी म्हणाला, "दादा, स्क्रीन तुकड्यातुकड्यांनी येतेय." त्याच्याकडेही फोर-के. कन्सोलच्या मुळाशी व्हीएनसी आहे, केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत तयार झालेलं. ते पूर्ण चित्र दर वेळी पाठवत नाही. जेवढा चौकोन बदलला तेवढाच, तोही कॉम्प्रेस करून. टर्मिनलमध्ये टाइप करताना हे छान चालतं. पण ड्रॉइंग सरकवलं की सगळी स्क्रीन बदलते. कॉम्प्रेशन नसेल तर २० एमबीपीएसच्या लाइनवर अशी एक फ्रेम जायला तेरा सेकंद लागतील. त्याला तूर्तास १०८० वर आणलं, पिक्सेल चौथाईवर आले आणि काम पुढे सरकलं.

पण रोजच्या डिझाइनसाठी कन्सोल वापरूच नये, हे माझं ठाम मत. सहकाऱ्याच्या व्हीएममध्ये रिमोट डेस्कटॉपसाठी एक्सआरडीपी बसवून दिलं. मात्र व्हीएमचं स्वतःचं नेटवर्क बंद पडलं किंवा ते बूटच झालं नाही, तर आत डोकावायला कन्सोलच उरतो. त्या वेळी एररची ओळ नीट वाचता आली पाहिजे, म्हणून कन्सोलची स्क्रीन मी टापटीप ठेवतो.

६.१५
डिझाइन टीमच्या टेम्प्लेटमध्ये ६४ एमबी कायमचे टाकले. बाकीच्या सर्व्हरना १६ पुरतात. तिकीट बंद करताना कारणाच्या रकान्यात गुणाकार पूर्ण लिहिला.