आंबट दही आणि अंगावरच्या गांधी : लॅक्टिक आम्लाविषयी थोडेसे

मृगाचा पाऊस स्थिरावला की श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतील घरे पुढचे चार महिने ओलसरच राहतात. भिंतींना बुरशी धरते, अंथरुणे नीट वाळत नाहीत आणि शिंका, दमा, अंगावर उठणाऱ्या गांधी अशा तक्रारी वाढू लागतात. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला हुकूम ठरलेला असतो : दही-ताक बंद, आंबट बंद! गेल्या काही वर्षांतील संशोधन मात्र या आंबटपणाचेच, म्हणजे लॅक्टिक आम्लाचे, ॲलर्जीशी काय नाते आहे ते तपासत आहे. हाती आलेले काही निष्कर्ष आपल्या समजुतीच्या उलट आहेत, तर काही अद्याप अपुरे आहेत.

लॅक्टिक आम्ल प्रथम वेगळे केले ते स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शील यांनी, १७८० साली, नासलेल्या दुधातून. विरजणातील जिवाणू दुधातील साखर खातात आणि हे आम्ल बनवतात. आंबोळीचे पीठ रात्रभर फुगते व आंबते, नाचणीच्या आंबिलीला चव येते, त्यामागेही अशाच जिवाणूंचे काम असते. शिवाय आपले स्नायूही हे आम्ल तयार करतात आणि घामावाटे ते त्वचेवर येते. त्वचा किंचित आम्लधर्मी राहते, त्यात त्याचा वाटा असतो. तेव्हा या पदार्थाला शरीराचा शत्रू समजण्याचे कारण नाही.

ॲलर्जीमध्ये काय घडते? परागकण, धुळीतील कीटक, एखादे अन्न अशा निरुपद्रवी वस्तूविरुद्ध शरीर ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. ती मास्ट पेशींवर चिकटून बसतात. तीच वस्तू पुन्हा शरीरात आली की या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात आणि हिस्टामिन बाहेर टाकतात. त्यातूनच खाज, सूज, नाक गळणे, धाप लागणे हे सारे सुरू होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ व २०१९ साली असे दाखवले की, मास्ट पेशी आधी लॅक्टिक आम्लात ठेवल्यास त्यांचा हा उद्रेक मंदावतो. उंदरांवरही तसाच परिणाम दिसला. जर्मनीतील लाइपझिग येथील शास्त्रज्ञांनी २०१९ साली आणखी एक दुवा पुढे आणला. आंबवलेल्या कोबीतील फिनाइल-लॅक्टिक आम्ल हे मानवाच्या रोगप्रतिकारक पेशींवरील एका ग्राहकाला चेतवते. हा ग्राहक केवळ माणूस आणि मोठ्या वानरांमध्येच आढळतो.

यावरून ताकाचा पेला दम्यावरील औषध ठरतो का? मुळीच नाही. प्रयोगशाळेतील पेशीला मिळणारी मात्रा आणि वाटीभर दह्यातून पेशींपर्यंत पोहोचणारी मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवणातून आलेले लॅक्टिक आम्ल यकृत बहुतांशी वापरून टाकते.

जिवाणूंचा थेट प्रयोग माणसांवर झाला तो फिनलंडमध्ये. ॲलर्जीचा कौटुंबिक इतिहास असलेल्या मातांना प्रसूतीपूर्वी आणि त्यानंतर सहा महिने (बाळ अंगावर पीत नसल्यास बाळाला) एक लॅक्टिक जिवाणू देण्यात आला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील १३२ बाळांपैकी, दोन वर्षांच्या वयात, जिवाणू मिळालेल्या गटात २३ टक्क्यांना इसब झाला होता, तर दुसऱ्या गटात ४६ टक्क्यांना. जगभर मोठी आशा निर्माण झाली. परंतु २००८ साली जर्मनीत त्याच जिवाणूचा प्रयोग झाला, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. फिनलंडमधील मुले सात वर्षांची झाल्यावरही त्यांच्यातील दमा व नाकाची ॲलर्जी कमी झालेली दिसली नाही. जागतिक ॲलर्जी संघटनेने २०१५ साली अशा जिवाणूंचा विचार जोखीम असलेल्या कुटुंबांसाठी सुचवला खरा, पण पुरावा फारच दुर्बळ असल्याचेही स्पष्ट केले. औषधाच्या दुकानातील महागड्या पुड्या विकत घेण्यापूर्वी ही बाब ध्यानी घ्यावी.

येथे एक धोक्याचा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दुधातील साखर न पचणे वेगळे आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. पहिल्या तक्रारीत पोट फुगते, जुलाब होतात. अशा व्यक्तीला दही बहुधा पचते, कारण जिवाणूंनी साखरेचा काही भाग आधीच संपवलेला असतो. दुसऱ्या तक्रारीत शरीर दुधातील प्रथिनांविरुद्ध उठते आणि ती प्रथिने दह्यातही शाबूत असतात. ‘दूध सोसत नाही, मग थोडे ताक देऊन पाहू’ हा प्रयोग अशा बाळाच्या जिवावर बेतू शकतो. ओठ-जीभ सुजणे, श्वास घरघरणे ही लक्षणे दिसताच क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. पाकिटावर ‘लॅक्टिक ॲसिड’ (क्रमांक २७०) असे छापलेले असले, तर मात्र त्यात दूध आहेच असे नव्हे. कारखान्यात ते सहसा साखर किंवा पिष्ट आंबवून बनवतात. अशा घरात पाहावयाची असते ती पाकिटावरील दुधाची स्वतंत्र नोंद.

किनाऱ्यावरील माणसांसाठी आणखी एक गोष्ट. बांगडा किंवा कुपा खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल झाला, गांधी उठल्या, तर ती ॲलर्जीच असेल असे नाही. मासळी बर्फाविना उन्हात राहिली की जिवाणू तिच्यातील हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात, आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. जुन्या, मुरलेल्या चीजमध्ये काही लॅक्टिक जिवाणूही हेच करतात. अशा प्रसंगी त्याच टोपलीतील मासे खाल्लेल्या इतरांनाही तोच त्रास झाला का, हे विचारून घ्यावे आणि डॉक्टरांना सांगावे. अन्यथा एका दिवसाच्या शिळ्या बांगड्यापायी एखाद्याची मासळी जन्मभरासाठी बंद व्हायची.