एबीएचा (उपयोजित वर्तन विश्लेषणाचा) पेपर हातात घेतलात? आधी आलेख बघा!

‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’ १९६८ साली सुरू झालं. पहिल्याच वर्षी बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी या शास्त्राच्या सात कसोट्या मांडल्या. या शास्त्राच्या प्रयोगांत सहभागी बहुधा मोजकेच आणि निष्कर्ष प्रत्येकाच्या आलेखावरून निघतो, म्हणून आलेख नीट वाचावा लागतो.

📈 बेसलाइन, म्हणजे उपायाआधीचं वर्तन, स्थिर आहे का?
🔁 आलेखातल्या उभ्या रेघेपाशी परिस्थिती बदलते, म्हणजे उपाय सुरू किंवा बंद होतो. उपाय काढल्यावर वर्तन पूर्ववत झालं आणि पुन्हा दिल्यावर सुधारलं, तर श्रेय उपायाला देता येतं.
👀 दोन निरीक्षकांच्या नोंदी कितपत जुळल्या?

✍️ लिहिताना: पद्धत वाचून प्रशिक्षित माणसाला तोच प्रयोग करता यायला हवा. ‘मूल चिडलं’ नको, ‘मुलाने वही फेकली’ असं मोजता येईल ते लिहा.

#वर्तनविश्लेषण #संशोधन