सात इंचांच्या पडद्याचे गणित

एखाद्या लहान टॅब्लेटवर एकामागून एक दोन ॲप उघडून पाहावीत. एकात डावीकडे यादी आणि उजवीकडे मजकूर असे दोन रकाने नीट मांडलेले दिसतात. दुसऱ्यात मात्र फोनवरचेच पान ताणून मोठे केल्यासारखे वाटते. कडेला रिकामी जागा आणि मध्ये लांबच लांब ओळी. पडदा तोच, पाहणारे डोळेही तेच. मग असे का व्हावे? आणि प्रत्येक ॲपची मांडणी आपल्याला हवी तशी बदलता येईल काय?

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. अनेक शाळांत आता सात-आठ इंचांचे टॅब्लेट आले आहेत. त्यावर वाचताना एखादे मूल अडखळले, तर अडचण त्याच्या वाचनात आहे की पडद्यावरच्या अक्षराच्या उंचीत आहे, हे शिक्षकाला ओळखता आले पाहिजे. त्यासाठी लागणारे गणित त्रैराशिक आणि पायथागोरसचा सिद्धांत यापलीकडे जात नाही.

बिंदू सारखे, माप वेगळे

पडद्यावरचे चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. उदाहरण म्हणून आपण दोन प्रत्यक्ष टॅब्लेट घेऊ. २०११ साली बाजारात आलेल्या मोटोरोला झूमचा पडदा १०.१ इंचांचा होता आणि त्यावर १२८० × ८०० पिक्सेल होते. २०१२ साली गूगलने आसुस या कंपनीकडून बनवून घेतलेल्या नेक्सस ७ या टॅब्लेटवरही १२८० × ८०० पिक्सेलच होते; पडदा मात्र फक्त ७ इंचांचा होता.

पडद्याचे माप कर्णाच्या लांबीत सांगण्याची पद्धत आहे. म्हणून कर्णावर किती पिक्सेल मावतात ते पाहू. १२८० चा वर्ग अधिक ८०० चा वर्ग म्हणजे २२,७८,४००. त्याचे वर्गमूळ सुमारे १५०९. झूमसाठी १५०९ ला १०.१ ने भागले की इंचाला सुमारे १४९ पिक्सेल येतात, तर नेक्सससाठी ७ ने भागले की सुमारे २१६. याला पडद्याची घनता म्हणू. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्यामुळे झूमचा एक पिक्सेल ०.१७ मिलिमीटरचा, तर नेक्ससचा ०.११८ मिलिमीटरचा होतो.

आता समजा, एखाद्या ॲपने ४८ पिक्सेल रुंदीचे बटण काढले. झूमवर ते ८.२ मिलिमीटरचे दिसेल आणि बोटाने सहज दाबता येईल. नेक्ससवर तेच बटण ५.७ मिलिमीटरचे होईल आणि बोट शेजारच्या बटणावर पडू लागेल. तात्पर्य, पिक्सेल हे लांबीचे विश्वासार्ह एकक नव्हे.

एक कृत्रिम एकक

ही अडचण दूर करण्यासाठी अँड्रॉइड या प्रणालीत एक कृत्रिम एकक वापरले जाते. त्याला डीपी, म्हणजे घनतेवर अवलंबून नसलेला पिक्सेल, असे म्हणतात. एक डीपी म्हणजे इंचाचा १६० वा भाग. ॲप लिहिणारा आपली मापे डीपीमध्ये देतो आणि प्रणाली त्यांचे पिक्सेलमध्ये रूपांतर करते:

पिक्सेल = डीपी × घनता ÷ १६०

या सूत्रातली घनता प्रणाली पडद्यावर मोजत नाही. ती टॅब्लेट बनवणाऱ्याने एका फाईलमध्ये लिहून ठेवलेली असते. झूममध्ये हा आकडा १६० होता, तर नेक्ससमध्ये २१३. प्रत्यक्ष घनतेच्या तो जवळपास असतो, पण तिच्याशी तंतोतंत जुळतोच असे नाही. वाण्याने वजनाऐवजी पिशवीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा, तसेच काहीसे हे आहे. आकडा बदलला की प्रणालीचा सगळा हिशेब बदलतो, पडद्यावर मात्र काहीच बदललेले नसते.

४८ डीपीचे बटण आता पुन्हा पाहू. झूमवर ते ४८ पिक्सेलचे, म्हणजे ८.२ मिलिमीटरचे होईल. नेक्ससवर ४८ × २१३ ÷ १६० म्हणजे ६४ पिक्सेलचे, अर्थात सुमारे ७.५ मिलिमीटरचे होईल. दोन्ही मापे आता बोटाच्या आवाक्यात आली.

सहाशेचा उंबरठा

बटणाचे माप ठरले, पण पानाची मांडणी कशी ठरते? फोनवर एक रकाना बरा, मोठ्या पडद्यावर दोन. हा निर्णय ॲप पडद्याच्या लहान बाजूची लांबी डीपीमध्ये विचारून घेते. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ३.२ पासून त्यासाठी ठरावीक उंबरठे वापरात आले. साधारणपणे ६०० डीपी म्हणजे लहान टॅब्लेट आणि ७२० डीपी म्हणजे मोठा टॅब्लेट.

झूमची लहान बाजू ८०० पिक्सेलची. घनता १६०, म्हणून ८०० डीपी. हा मोठा टॅब्लेट झाला. नेक्ससची लहान बाजूही ८०० पिक्सेलचीच; पण ८०० × १६० ÷ २१३ केले की येतात ६०१ डीपी. उंबरठा जेमतेम ओलांडला! पुढच्या वर्षी आलेल्या सुधारित नेक्सस ७ वर १९२० × १२०० पिक्सेल होते आणि घनतेचा आकडा ३२० होता. त्याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. उत्तर बरोबर ६०० येते. पिक्सेल कितीतरी वाढले, अक्षरे अधिक रेखीव झाली, पण मांडणीच्या दृष्टीने टॅब्लेट जागच्या जागीच राहिला.

आता सुरुवातीच्या कोड्याचा उलगडा होतो. ॲप लिहिणाऱ्याने ६०० डीपीसाठी वेगळी मांडणी दिली असेल, तर लहान टॅब्लेटवर दोन रकाने दिसतात. त्याने ती फक्त ७२० डीपीसाठी दिली असेल किंवा दिलीच नसेल, तर फोनची मांडणी ताणून दाखवली जाते.

आकडा बदलला तर?

नेक्सस ७ वापरणाऱ्या अनेक हौशी मंडळींनी २०१२ मध्ये एक युक्ती केली. फाईलमधला २१३ हा आकडा खोडून त्यांनी तेथे १६० लिहिला. त्याबरोबर लहान बाजू ८०० डीपीची झाली आणि सात इंचांचा टॅब्लेट स्वतःला दहा इंचांचा समजू लागला. जी ॲप आधी फोनसारखी दिसत होती, ती मोठ्या टॅब्लेटसारखी दिसू लागली.

या व्यवहारात काय मिळाले आणि काय गेले? प्रत्येक वस्तूची लांबी १६०/२१३, म्हणजे सुमारे पाऊणपट झाली. त्यामुळे पडद्यावर पूर्वीच्या ४/३ च्या वर्गाइतका, म्हणजे जवळजवळ १.७८ पट मजकूर मावू लागला. नकाशा, वेळापत्रक किंवा गुणांचा तक्ता पाहताना हा मोठाच लाभ. पण ४८ डीपीचे बटण पुन्हा ५.७ मिलिमीटरवर आले. १४ या मापाच्या अक्षराची चौकट २.२ मिलिमीटरची होती, ती १.६५ वर आली. गोष्ट वाचणाऱ्याचे नुकसान झाले.

एका टॅब्लेटला एकच आकडा असेल, तर नकाशा आणि गोष्ट यांपैकी एकाची गैरसोय होणारच. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक ॲपला वेगळा आकडा सांगायचा. पॅरॅनॉइड अँड्रॉइड या नावाने हौशी प्रोग्रामरांनी तयार केलेल्या प्रणालीत २०१२ मध्ये नेमकी हीच सोय होती. ती एक यादी बाळगत असे. त्यात ॲपचे नाव, त्याच्यासाठी घनतेचा आकडा आणि त्याच्यासाठी मांडणीचा आकडा लिहिलेला असे. ॲपने ‘पडदा किती रुंद आहे, घनता किती आहे?’ असे विचारले की प्रणाली यादी पाहून उत्तर देई. नकाशाच्या ॲपला एक उत्तर, पुस्तकाच्या ॲपला दुसरे. कोणत्याही ॲपच्या आत हात घालावा लागत नसे. कारण ॲपला पडद्याबद्दल जे कळते, ते प्रणाली सांगेल तेवढेच.

मांडणी आणि घनता हे दोन आकडे अलग केल्यामुळे दोन रकाने आणि मोठी अक्षरे असा मेळही घालता येई. अर्थात त्यालाही मर्यादा होतीच. सात इंचांत दोन रकाने आणि मोठी अक्षरे दोन्ही कोंबली, तर ओळी तीन-चार शब्दांवर तुटतात आणि बटणे एकमेकांवर चढतात. पडद्याचे क्षेत्रफळ काही वाढत नाही. ते कोणत्या कामासाठी खर्च करायचे, एवढेच आपल्या हाती असते. शिवाय अशा उपायासाठी मूळ प्रणाली काढून दुसरी बसवावी लागे. त्यात टॅब्लेट कायमचा बंद पडण्याचा धोका असतो, म्हणून शाळेच्या टॅब्लेटवर हा प्रयोग करू नये.

आकडा बदलण्याऐवजी तो तसाच ठेवण्याचा मार्ग दुसऱ्या एका कंपनीने पत्करला. ॲपलच्या २०१२ च्या लहान आयपॅड मिनीवर सुरुवातीच्या मोठ्या आयपॅडइतकेच १०२४ × ७६८ पिक्सेल ठेवले होते आणि मांडणीही तीच होती. घनता १३२ वरून १६३ वर गेल्याने सर्व वस्तू सुमारे ८१ टक्के लांबीच्या झाल्या. सर्व ॲप न बदलता चालली, ही त्याची जमेची बाजू; सगळे काही बारीक झाले, ही दुसरी.

देवनागरीला जास्त जागा लागते

इंग्रजी वाचणाऱ्याला अक्षरे पाऊणपट झाली तरी चालून जाते. मराठीचे तसे नाही. देवनागरी अक्षर तीन मजली असते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार; मध्ये मूळ अक्षर; खाली उकार आणि जोडाक्षराचा उरलेला भाग. चौदा पिक्सेलच्या चौकटीत हे तीन मजले बसवायचे, तर मधल्या मजल्याच्या वाट्याला सात-आठ पिक्सेल येतात. ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक दाखवणारी तिरकी रेघ, किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांना वेगळे करणारा शिरोरेषेचा तुकडा, याच सात-आठ पिक्सेलांत दाखवावा लागतो.

अनुस्वाराची स्थिती आणखी नाजूक आहे. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक फरक ओळखू शकतो. तीस सेंटिमीटर अंतरावरून पाहिले, तर हा कोन सुमारे ०.०९ मिलिमीटर एवढा भरतो. नेक्ससवर अनुस्वार एका पिक्सेलवर आला, तर तो ०.११८ मिलिमीटरचा होतो. म्हणजे तो डोळ्याच्या मर्यादेच्या अगदी काठावर असतो, आणि तोही शिरोरेषेला चिकटून. अशा वेळी मुलाने ‘मंद’ ऐवजी ‘मद’ किंवा ‘रंग’ ऐवजी ‘रग’ वाचले, तर ती चूक त्याच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे होईल.

आज काय करता येते?

आता यासाठी प्रणाली बदलावी लागत नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून सेटिंगमध्ये अक्षरांचे माप आणि डिस्प्लेचे माप अशा दोन वेगळ्या सोयी आहेत. पहिली फक्त अक्षरे बदलते. दुसरी घनतेचा आकडाच बदलते, म्हणून तिच्यामुळे बटणे, चित्रे आणि कधी कधी मांडणीही बदलते. डिस्प्लेचे माप वाढवल्यावर दोन रकान्यांचा एक झाला, तर घाबरण्याचे कारण नाही. डीपीमधली रुंदी सहाशेच्या खाली गेली, एवढाच त्याचा अर्थ. या दोन्ही सोयी मात्र संपूर्ण टॅब्लेटला लागू होतात.

ॲपलने २०२१ च्या आयपॅडओएस १५ मध्ये प्रत्येक ॲपसाठी अक्षरांचे माप, ठळकपणा इत्यादी वेगळे ठेवण्याची सोय दिली. अँड्रॉइडवर वाचनाच्या बहुतेक ॲपमध्ये आणि ब्राउझरमध्ये अक्षरे मोठी करण्याची स्वतःची सोय असते. शाळेच्या कामासाठी ती बहुधा पुरते.

वर्गात करून पाहा

१. टॅब्लेटच्या पडद्याचा कर्ण पट्टीने मोजा. पिक्सेलची संख्या माहितीपत्रकातून घ्या आणि घनता काढा.

२. वाचनाचे ॲप उघडून ‘क’ या अक्षराची शिरोरेषेपासून खालपर्यंतची उंची मोजा. दहा ओळींची एकूण उंची मोजून दहाने भागले, तर एका ओळीची उंची अधिक अचूक मिळते. पाठ्यपुस्तकातल्या अक्षराशी व ओळीशी दोन्ही मापांची तुलना करा.

३. ‘मद, मंद, रग, रंग, घन, धन, पत, पंत’ असे शब्द उलटसुलट क्रमाने पडद्यावर लिहा. मुलांनी आपल्या नेहमीच्या अंतरावरून ते वाचावेत. अक्षरांचे माप एकेक पायरी वाढवत प्रत्येक पायरीला झालेल्या चुकांची नोंद ठेवा.

४. चुका ज्या पायरीला थांबतात, ते माप त्या मुलासाठी वाचनाच्या ॲपमध्ये ठेवा. नकाशाच्या ॲपला ते लावण्याची गरज नाही.

सर्वांत मोठ्या मापालाही चुका होत राहिल्या, तर मात्र मुलाचे डोळे तपासून घेण्यास पालकांना अवश्य सांगावे.