गावची ज्वारी आणि गावचा शिधा

रब्बीची ज्वारी शिवारात पुरुषभर उंच डोलत असावी आणि त्याच गावातील मजूर कुटुंबांनी रास्त भावाच्या दुकानापुढे परप्रांतातून आलेल्या गव्हातांदळासाठी रांग लावावी, हे दृश्य सोलापूर अगर बीड जिल्ह्यात फिरणाऱ्या ग्रामसेवकास नवे नाही. पश्चिम घाटाच्या उतारावर ज्वारीच्या जागी नाचणी असते, एवढाच काय तो फरक. ज्या धान्यावर या मुलखातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोसली, ते आता बाजारात विकत घेणे गरिबास परवडत नाही आणि पिकविणे शेतकऱ्यास परवडत नाही. असे का घडले व त्यावर गावपातळीवर काय करता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

भारतीय अन्न महामंडळाची स्थापना १९६५ साली झाली. तेव्हापासून सरकारी खरेदीचा मुख्य भर गहू व भात यांवर राहिला. जे धान्य सरकार विकत घेते तेच दुकानात येते, आणि जे दुकानात येते तेच हळूहळू ताटात येते. १९६०-६१ च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते. आज ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी उरले आहे. हा दोष केवळ सरकारी धोरणाचा नव्हे. कपाशी व सोयाबीन यांनी रोख पैसा दिला, आणि खरिपातील संकरित ज्वारीवर परतीच्या पावसात काळी बुरशी पडू लागल्याने तिला गिऱ्हाईक राहिले नाही. परंतु जमीन उथळ, पाऊस बेभरवशाचा आणि दावणीला जनावरे आहेत, अशा शेतकऱ्यास ज्वारीच्या कडब्याची उणीव आजही जाणवते.

पोषणाच्या दृष्टीने पाहता शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या घरात. बाजरीत लोह पुष्कळ. गर्भवती स्त्री व अंगावर पिणारे मूल ज्या घरात आहे, तेथे हा फरक लहान नाही.

कायदा या धान्यांच्या आड येत नाही, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात गहू व तांदूळ यांच्या जोडीस भरड धान्येही आहेत. प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य दरमहा मिळावयाचे. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. स्थानिक वितरणव्यवस्था व धान्यपेढ्या यांना पाठबळ द्यावे, असेही त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात म्हटले आहे. कर्नाटकात दक्षिणेकडे नाचणी व उत्तरेकडे ज्वारी दुकानांतून देतात. ओडिशाने २०१७ मध्ये भरड धान्यांचे अभियान सुरू करून आदिवासी भागात नाचणीची खरेदी व तिचे शिधावाटप यांची सांगड घातली. आपल्या राज्यातही काही जिल्ह्यांत ज्वारी दुकानांवर आली, पण तिच्या प्रतीविषयी तक्रारीही आल्या.

प्रतीचा हा प्रश्न मला स्वतःला चांगलाच शिकवून गेला. काही वर्षांपूर्वी एका गावातील शेतकऱ्यांना मी हमीभावाने ज्वारी विकण्याचा आग्रह केला. भाव सांगितला, केंद्राचा पत्ता सांगितला. पण मळणीनंतर धान्य किती वाळवावे हे सांगावयाचे राहिले. चार गाड्या माल ओला ठरून परत आला. भाड्याचा भुर्दंड ज्यांना बसला त्यांत एक विधवा शेतकरीण होती. ‘साहेब, दर सांगितलात, दाणा नाही सांगितलात,’ एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून मी खळ्यावर गेल्याखेरीज केंद्राची गोष्ट काढीत नाही.

तेव्हा शेतकरी बंधूंनी प्रथम दाणा पाहावा. कणसे दोनतीन दिवस उन्हात चांगली वाळवून मगच मळणी करावी, व मळलेले धान्य पुन्हा वाळवावे. दाताखाली कट्ट आवाज करून फुटेल तो दाणा वाळला असे समजावे. दुसरी गोष्ट पीकपाहणीची. सातबारावर ज्वारीची नोंद नसेल तर केंद्रावर नावनोंदणी होत नाही. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर होते. ज्यांच्याकडे असा मोबाईल नाही त्यांची नोंद करून देणे हे ग्रामसेवक व कृषिसहायक यांनी आपलेच काम मानावे. डोंगराळ भागात वनहक्काच्या जमिनीवर नाचणी पिकविणारे शेतकरी याच ठिकाणी अडतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये, बाजरीचा २,७७५ रुपये व नाचणीचा ४,८८६ रुपये ठरला. बाजारात याहून अधिक मिळत असेल तर शेतकऱ्याने खुशाल बाजारात विकावे. केंद्र हे पडत्या भावाच्या वेळचा आधार आहे.

बाजरीसंबंधी एक सावधगिरी हवी. तिच्यात स्निग्धांश अधिक असल्याने पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. म्हणून अंगणवाडीस वा बचत गटास बाजरी द्यावयाची तर दाणाच द्यावा, दळण आठवड्यापुरते करावे. नाचणी मात्र कोरडी ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकते. जुन्या लोकांनी तिला दुष्काळाची ठेव मानले ते उगाच नव्हे.

गावाची गरज तरी केवढी असते? पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबास महिन्यास २५ किलो धान्य मिळते. त्यांपैकी १० किलो ज्वारी द्यावयाची ठरविली, तर अशा शंभर कुटुंबांस महिन्यास १० क्विंटल, वर्षास १२० क्विंटल ज्वारी लागेल. हेक्टरी १० क्विंटल उत्पन्न धरले तर हे १२ हेक्टरांचे पीक झाले. एका गावाच्या शिवारात १२ हेक्टर म्हणजे काही फार नव्हे.

अडचण आहे ती वेळेची. सरकारने खरेदी केलेली भरड धान्ये ठराविक महिन्यांत वाटून संपवावी लागतात. ही मुदत २०२१ मध्ये वाढविण्यात आली असली, तरी मागणीचा अंदाज आधी नसेल तर माल गोदामात पडून राहतो, त्याला कीड लागते, आणि शेवटी तोच माल गरिबाच्या पिशवीत जातो. यासाठी मागणी पेरणीपूर्वी नोंदविली पाहिजे. ग्रामसभेत किती शिधापत्रिकाधारकांस ज्वारी अगर नाचणी हवी, किती शेतकरी ती पेरणार व गावात कोरडे गोदाम आहे की नाही, एवढे तीन आकडे घ्यावे. ज्यांना भाकरीचे धान्य नको असेल त्यांच्यावर ते लादू नये; सक्तीने दिलेली ज्वारी परत बाजारातच जाते. आकड्यांसह ठरावाची एक प्रत तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेस व दुसरी तालुका कृषी अधिकाऱ्यांस, रब्बीसाठी सप्टेंबरपूर्वी पोचती करावी व पोच घेऊन ठेवावी.