परमुलखातला सण आणि भिलाईचे रशियन

1980 सालच्या दिवाळीत लक्ष्मीपूजन 7 नोव्हेंबरला, शुक्रवारी आले. पंचांगात दर काही वर्षांनी असा योग येतो. 1999 मध्ये आणि 2018 मध्येही तो आला. पण 1980 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचे विस्ताराचे काम चालू होते आणि गावात रशियन तंत्रज्ञ सहकुटुंब राहत होते. त्यांच्या देशाचा सर्वांत मोठा राष्ट्रीय सण म्हणजे 7 नोव्हेंबर, ऑक्टोबर क्रांतीचा दिवस. क्रांती झाली तेव्हा रशियात जुने ज्युलियन कॅलेंडर होते. त्यातला 25 ऑक्टोबर नव्या कॅलेंडरप्रमाणे 7 नोव्हेंबर ठरतो, म्हणून ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरमध्ये येई. तिकडे 7 आणि 8 अशी दोन दिवस सुटी असे. भिलाईत मात्र तो एरवी कामाचा दिवस. त्या वर्षी दिवाळीमुळे अवघ्या गावालाच सण होता.

भिलाईच्या वैशालीनगरात आज ज्यांची घरे आहेत, त्यांतल्या अनेकांचे आयुष्य या कारखान्यात गेले. कारखान्याची टाउनशिप रेल्वेलाइनच्या दक्षिणेला. निवृत्तीनंतर तिथले क्वार्टर सोडावे लागते. मग माणसे लाइन ओलांडून उत्तरेला, सुपेला, कोहका, वैशालीनगर या भागांत स्वतःचे घर बांधतात. या घरांमधली वडीलधारी माणसे आपले काम रशियन माणसांच्या शेजारी उभी राहून शिकली. परदेशात राहणारा माणूस आपला राष्ट्रीय सण कसा साजरा करतो, हे सांगायला भिलाईइतकी जवळची जागा आपल्याला दुसरी नाही.

धार्मिक सण घराच्या चार भिंतींत मावतो. देव्हारा, दिवा, नैवेद्य एवढ्यावर दिवाळी कुठेही होते. राष्ट्रीय सणाचे तसे नाही. त्याला रस्ता लागतो, ध्वज लागतो, शाळेला सुटी लागते आणि आपल्यासारखीच शेकडो माणसे त्या दिवशी बाहेर पडलेली लागतात. परमुलखात नेमके हेच नसते. आपल्या देशात संचलन चालू असताना समोरच्या गल्लीत नेहमीसारखा भाजीवाला ओरडत जातो, मुले दप्तर घेऊन शाळेत जातात. आपण परके आहोत याची जाणीव त्या दिवशी जास्त टोचते.

चौलचा पाहुणा

या मातीवर ही टोचणी अनुभवलेला आणि लिहून ठेवलेला एक रशियन पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन 1470 च्या आसपास समुद्रमार्गे कोकणात चौलला उतरला. घोडा विकावा, माल घ्यावा आणि परत जावे असा त्याचा बेत होता. वाटेत व्होल्गा नदीवर तातारांनी त्याला लुटले, त्यात त्याची धर्मग्रंथांची पुस्तकेही गेली. पुस्तके गेली तसा सणांचा हिशेबही गेला. ईस्टर कधी, उपास कधी, हे त्याला कळेना. मुसलमानांच्या सणांवरून अंदाज बांधून तो आपले दिवस ठरवू लागला. प्रवासवर्णनात तो ही व्यथा पुन्हा पुन्हा बोलून दाखवतो.

चौलहून तो जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तिथे राहिला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, नाहीतर घोडाही जाईल आणि दंडही भरावा लागेल, असे बजावून चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपत आली तेव्हा निकितिनच्या धर्मातला तारणहाराचा सण तोंडावर होता. त्याच सुमारास खुरासानचा एक मुसलमान गृहस्थ, ख्वाजा महंमद, तिथे आला. त्याने खानाकडे शब्द टाकला, घोडा परत मिळवून दिला आणि धर्मांतराचे संकट टळले. निकितिनने हा सणाच्या दिवशी झालेला देवाचा चमत्कार मानला. ज्याच्या हातून तो घडला तो परधर्मी होता आणि त्या मुलखात तोही परकाच होता. निकितिन पुढे बिदरला गेला, पण घरी पोचला नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ त्याला मरण आले. त्याची आठवण म्हणून 2002 मध्ये चौलच्या शेजारी रेवदंड्याला स्मारक उभे राहिले.

निकितिनवर ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी मिळून ‘परदेसी’ हा चित्रपट काढला, तो 1957 मध्ये. त्या वेळी भिलाईच्या माळावर कारखाना उभा राहत होता.

कधी न विझणारी भट्टी

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात वर्षाला 10 लाख टन पोलाद करणाऱ्या कारखान्याचा करार झाला. कर्ज अडीच टक्के व्याजाने आणि बारा वार्षिक हप्त्यांत फेडायचे होते. त्याच काळात राउरकेला जर्मन मदतीने आणि दुर्गापूर ब्रिटिश मदतीने उभे राहत होते. त्या वर्षअखेर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात आले आणि ‘हिंदी-रूसी भाई-भाई’ची घोषणा सर्वतोमुखी झाली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. वर्षभराने, फेब्रुवारी 1960 मध्ये, ख्रुश्चेव्ह स्वतः भिलाईला येऊन गेले.

बांधणीच्या ऐन धामधुमीत सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंता होते व्हेनियामिन दिम्शित्स. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेला युक्रेनमधला जपोरिझियाचा पोलाद कारखाना पुन्हा उभा करण्याचे काम त्यांनी केले होते. पुढे ते सोव्हिएत संघाचे उपपंतप्रधान झाले. भिलाईत आपण सगळ्यांना ‘रशियन’ म्हणत आलो, पण त्यांत युक्रेनचे होते, उरलचे होते, इतर प्रजासत्ताकांतलेही होते. टाउनशिपच्या सेक्टर 7 मधले ‘रशियन कॉम्प्लेक्स’ हे नाव त्या वस्तीची खूण म्हणून आजही पत्त्यांवर लिहिले जाते.

या माणसांच्या सणांचे वर्ष आपल्या वर्षाशी काही ठिकाणी जुळत होते. 1 मे त्यांचा कामगार दिनाचा मोठा उत्सव. तिकडे बर्फ वितळून वसंत लागलेला असतो, तर भिलाईत तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि भट्टीसमोर उभे राहणाऱ्याला दुहेरी आच लागते. जुलैच्या तिसऱ्या रविवारी धातुकामगार दिन. तो 1957 मध्ये जाहीर झाला आणि सुटीच्या वारीच येत असल्याने परमुलखातही सोयीचा होता. आपल्याकडे 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते, तेव्हा कारखान्यातली यंत्रे सजतात. हातातल्या हत्याराला आणि कसबाला वर्षातून एक दिवस मान द्यायचा, ही भावना दोन्ही दिवसांत एकच आहे.

पोलाद कारखान्यातला कोणताही सण पूर्ण सुटीचा नसतो. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालू राहते. दर काही तासांनी वितळलेले लोखंड बाहेर काढावेच लागते. ती थंड पडू दिली तर आतला रस गोठतो आणि भट्टीचे अतोनात नुकसान होते. त्यामुळे दिवाळी असो, ईद असो की 7 नोव्हेंबर, कुणाला तरी शिफ्टवर जावेच लागते. आपला सण मागे ठेवून कामावर उभा राहिलेला माणूस बघणे भिलाईच्या अंगवळणी पडले होते. म्हणून दुसऱ्याच्या सणाला त्याची शिफ्ट आपण घ्यावी, हा व्यवहार या गावात सहज समजतो.

सगळेच परगावचे

रशियन परदेशातून आले होते. आपण मराठी माणसेही इथे बाहेरूनच आलो. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातून भिलाईला येणारा माणूस आपल्याच राज्यात चालला होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिली. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र जन्मला तेव्हा भिलाईतल्या मराठी घरांनी तो आनंद दूरवरून पाहिला. त्या दिवशी टाउनशिपमध्ये रशियनांचा मे दिन, कामगार संघटनांचा मे दिन आणि मराठी माणसाचा महाराष्ट्र दिन एका तारखेला आले आणि दर वर्षी येत राहिले. ओणम, दुर्गापूजा, गणेशोत्सव, बैसाखी, छठ यांनी वर्ष भरून गेले. भिलाईला ‘लघु भारत’ म्हणतात ते यामुळे.

या लघु भारताचे यजमान कोण, हे मात्र आपण वारंवार विसरतो. ज्या गावांच्या शेतीवर कारखाना आणि सेक्टर उभे राहिले, ती छत्तीसगढी गावे होती. त्यांची जमीन गेली आणि आपल्याच मुलखात ते परक्या भाषांच्या गर्दीत सापडले. दिवाळीत गौरा-गौरीची मिरवणूक, सुआ नृत्य आणि राऊत नाचा या भूमीत आपल्या आकाशकंदिलांच्या फार आधीपासून आहेत. पोळ्याला मातीचे बैल इथेही पुजतात आणि विदर्भातही. परमुलखात आलेल्या मराठी माणसाला घरची सगळ्यात जवळची ओळख छत्तीसगढच्या शेतकऱ्याच्या अंगणात मिळाली. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि या यजमानांनाही हक्काचा उत्सवदिन मिळाला, राज्योत्सव.

सण हरवलेले पाहुणे

1972 मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून भिलाईत मैत्रीबाग उभी राहिली. पांढऱ्या वाघांसाठी आज ती ओळखली जाते आणि सुटीच्या दिवशी तिथे मुलांची गर्दी असते. ज्या मैत्रीच्या नावाने ती बाग आहे, त्यातला एक देश मात्र डिसेंबर 1991 मध्ये नकाशावरून गेला. देश गेला तसा सणही गेला. रशियात आता राष्ट्रीय दिवस 12 जूनला असतो. 7 नोव्हेंबरची सुटी 2005 पासून संपली आणि 4 नोव्हेंबरला दुसरा दिवस आला. युक्रेन 24 ऑगस्टला स्वातंत्र्यदिन पाळतो. बेलारूसने तेवढी जुनी 7 नोव्हेंबरची सुटी राखली आहे. भिलाईत खांद्याला खांदा लावून काम केलेल्यांच्या देशांत पुढे युद्ध पेटले. एके काळी हीच माणसे परमुलखात एकाच तारखेला सण करीत होती, याची साक्ष द्यायला भिलाईसारखी गावे उरली आहेत. ही आठवण जपणे हे आपल्यावरचे ऋण आहे असे मला मनापासून वाटते.

आता वाट उलटी झाली आहे. भिलाईत वाढलेली मुले अभियंते होऊन अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया अशा देशांत राहतात. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला भारतीय वकिलातीत सकाळी ध्वज फडकतो. ज्यांना रजा मिळते ते जातात, बाकीचे कामावर असतात. न्यूयॉर्कमध्ये 1981 पासून निघणारी भारत दिनाची मिरवणूक ऑगस्टमधल्या रविवारी काढतात, कारण तारीख धरली तर माणसे जमणार नाहीत. काही ठिकाणी तारखाच मदत करतात. कोरियाचाही मुक्तिदिन 15 ऑगस्ट आहे, 1945 मध्ये जपानी राजवट संपली तो दिवस. ऑस्ट्रेलियात 26 जानेवारीला सुटी असते, पण ती 1788 मध्ये ब्रिटिशांची जहाजे सिडनीला लागली त्याची. तिथल्या मूळ रहिवाशांना तो दिवस दुःखाचा वाटतो. प्रजासत्ताक दिनाचे पेढे वाटताना आपल्या मुलांनी शेजाऱ्याची ही सलही जाणून घ्यावी. भिलाईच्या यजमान गावांची गोष्ट ज्याने ऐकली आहे, त्याला ती समजायला वेळ लागणार नाही.

परमुलखातला सण पाहुण्याच्या हौसेवर अर्धाच उभा राहतो, उरलेला अर्धा यजमानाच्या हातात असतो. निकितिनजवळ ना पुस्तक होते ना सोबती, तरी एका अनोळखी माणसाने शब्द टाकला आणि त्याचा सण वाचला. भिलाईत सोबती होते आणि शेजारही होता. आपल्या मुलांनाही तिकडे कुणीतरी असा शेजार द्यावा अशी आपली इच्छा असते. मग आपण इथे काय करतो, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी देतानाच त्याच्या मोठ्या दिवसाची तारीख विचारून घ्यावी आणि आपल्या कॅलेंडरवर लिहावी. केरळच्या शेजाऱ्याचा 1 नोव्हेंबरचा राज्यस्थापना दिन, छत्तीसगढी शेजाऱ्याचा राज्योत्सव, कारखान्यात आलेल्या एखाद्या परदेशी पाहुण्याचा राष्ट्रीय दिवस, काहीही असो. त्या दिवशी मुलांना घेऊन त्याच्या दारी शुभेच्छा द्यायला जावे आणि तो शिफ्टमध्ये अडकला असेल तर आपण त्याच्या जागी उभे राहावे.