वाद रंगतो कशाने?

समजा, धरणगावातील एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकांसमोर दोन प्रश्न ठेवले. पहिला : अहिराणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली? दुसरा : घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पहिलीत वाचायला कसे शिकवावे? आमचा अंदाज असा, की पहिल्यावर घंटा होईपर्यंत वाद रंगेल आणि दुसरा तसाच राहून जाईल. असे का व्हावे?

ब्रिटिश इतिहासकार नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली 'पार्किन्सन्स लॉ' या विनोदी पुस्तकात एक काल्पनिक बैठक रंगवली. त्यात एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते. ३५० पौंडांच्या सायकल-शेडवर मात्र पाऊण तास खर्ची पडतो. अणुभट्टी क्वचितच कोणाला कळते, शेड सर्वांनी पाहिलेली असते. म्हणजे चर्चेची लांबी विषयाच्या महत्त्वावर नव्हे, तर त्यावर किती जणांना बोलता येते यावर ठरते.

अहिराणी घरोघर बोलली जाते. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे असते, हे पहिले कारण. दुसरे कारण असे, की 'बोली' म्हणताच एकाला आपली भाषा कमी लेखल्यासारखी वाटते, तर 'भाषा' म्हणताच दुसऱ्याला मराठीपासून तुटल्यासारखे वाटते. मग मत खोडणे म्हणजे माणसाला दुखावणे होते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. पुरावा दोन्ही बाजूंना आहे. 'घराचा' याला अहिराणीत 'घरना' म्हणतात; ते गुजरातीतील 'घरनो'च्या जवळचे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ साली खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात जागा दिली. २०११ च्या जनगणनेत खानदेशीचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक वेगळे मोजले गेले. उलट, मराठीशी समान शब्द विपुल आहेत आणि इथल्या मुलांचे लेखन-वाचन मराठीतच होत आले. याच धरणगावात १८९० साली जन्मलेल्या बालकवींची कविता प्रमाण मराठीत आहे. यांतील कोणता पुरावा निर्णायक मानावा? भाषा आणि बोली यांतील सीमा आखणारी सर्वमान्य मोजपट्टी भाषाशास्त्रात नाही. हिंदी आणि उर्दू यांचे व्याकरण बरेचसे एक, तरी त्या दोन भाषा मानल्या जातात. मोजपट्टीच नसेल तर वाद संपणार कसा?

दुसऱ्या प्रश्नाचे तसे नाही. मुलाने 'मला'ऐवजी 'माले', 'माझा'ऐवजी 'मन्हा' लिहिले, तर त्याने नियम मोडलेला नसतो. घरच्या भाषेचा नियम पाळलेला असतो. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून शिकवावे आणि महिन्याने त्याच मुलांचे वाचन पुन्हा तपासावे. उपयोग झाला की नाही, हे दिसू शकते. राज्यघटनेचे कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्य मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयी बोलते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तेथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते.

पहिला वाद वाईट म्हणून टाळावा, असे आम्ही म्हणत नाही. पण चर्चेस बसताना प्रत्येकाने आधी कागदावर एक ओळ लिहावी : 'कोणता पुरावा मिळाला तर मी माझे मत बदलेन?' वरच्या वर्गात हा प्रयोग अवश्य करून पाहा. कागद कोरे राहिले, तर उरलेला वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्यावा. पहिलीतले मूल त्याच्या उत्तराची वाट पाहत आहे.