डाग कातडीवर, कारण दुसरीकडे

शरीराच्या एखाद्या भागाची कातडी आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळवंडणे ही त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमी येणारी तक्रार असून गालांवरचा वांग, मानेमागचा काळपट पट्टा, काखेतला आणि जांघेतला काळेपणा, कमरेवर नाडीने पाडलेला वण, पाठीवरचे राखी चट्टे अशी तिची अनेक रूपे आहेत. यांपैकी प्रत्येकाचे कारण निराळे आणि म्हणून उपचारही निराळा असतो. घरोघरी मात्र सर्वांवर एकच क्रम चालतो, तो म्हणजे आधी घासणे आणि घासून भागले नाही की औषधांच्या दुकानातून कोणीतरी सुचवलेले मलम आणणे. या दोन्ही उपायांनी डाग जाण्यापेक्षा गडद होण्याचाच संभव अधिक असतो.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंगपेशींमध्ये, टायरोसिनेज या तांबेयुक्त विकराच्या साहाय्याने तयार होते. रंगपेशीला फाटे असतात आणि त्यांतून ती भोवतालच्या सुमारे ३६ पेशींना रंगकण पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते; फरक असतो तो रंगकणांच्या आकारात आणि मांडणीत. ऊन, संप्रेरके, दाह किंवा सततचे घर्षण यांमुळे या पेशी चेतावल्या की रंगकण जास्त बनतात. हे जादा रंगकण बाह्यत्वचेतच राहिले तर डाग तपकिरी दिसतो आणि पेशी झडत जातात तसा काही आठवड्यांत, काही महिन्यांत फिका होतो. दाहामुळे तळाचा थर फाटून रंगकण खालच्या अंतस्त्वचेत उतरले, तर तेथील भक्षकपेशी ते गिळून बसतात, डागाला राखी-निळसर छटा येते आणि तो वर्षानुवर्षे हटत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०३ मध्ये शोधलेल्या गाळणीवर आधारलेला, अतिनील किरणांचा ‘वुडचा दिवा’ रंग कोणत्या थरात आहे याचा अंदाज देतो, परंतु सावळ्या त्वचेवर ही परीक्षा तितकीशी स्पष्ट उतरत नाही. वरून लावलेल्या लेपाचा उपयोग मुख्यतः वरच्या थरातील रंगावर होतो, हे लक्षात घेतले म्हणजे एकाच मलमाने एकीचा डाग गेला आणि दुसरीचा का गेला नाही, याचे कोडे उरत नाही.

मानेमागील काळेपणाची गोष्ट त्याहून वेगळी आहे. अकॅन्थोसिस नायग्रिकन्स या नावाने १८९० च्या सुमारास वर्णिलेल्या या अवस्थेत मान, काखा आणि जांघा येथील कातडी जाड, मखमली आणि सुरकुतलेली होते, आणि तिचा काळेपणा मेलॅनिन वाढल्यापेक्षा तो थर जाड होऊन त्याच्या घड्या पडल्यामुळे दिसतो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन स्रवू लागते आणि हे जादा इन्शुलिन त्वचेतील वाढीच्या ग्राहकांवर काम करून पेशींची संख्या वाढवते. मळ समजून शाळकरी मुलांच्या माना लाल होईपर्यंत घासल्या जातात, तेव्हा खरे तर त्या मुलांची रक्तातील साखर तपासायची असते, आणि मुलीची पाळी अनियमित असेल तर बीजकोशांचीही तपासणी करायची असते. मूल लठ्ठ नाही म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले होते, दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरातही इन्शुलिनरोध का आढळतो, हे या एका छायाचित्राने अनेक प्रबंधांपेक्षा स्वच्छ दाखवले. अशा मानेवरचा खरा उपचार म्हणजे आहार, व्यायाम आणि गरजेनुसार डॉक्टरांनी दिलेली औषधे. युरिया, लॅक्टिक आम्ल किंवा रेटिनॉइड असलेली मलमे कातडी मऊ करतात, पण इन्शुलिन चढेच राहिले तर काळेपणा परततो. उतारवयात हाच बदल अचानक सुरू होऊन झपाट्याने तळहातांवर आणि ओठांवर पसरला आणि वजनही घटू लागले, तर जठराच्या कर्करोगाची शंका घेऊन तपासणी करावी लागते.

घासण्याने डाग जात नाहीत, इतकेच म्हणून थांबता येत नाही, कारण घासण्याने डाग पडतातही. आंघोळीच्या वेळी नायलॉनची जाळी किंवा खरखरीत घासणी रोज ओढणाऱ्यांच्या पाठीच्या वरच्या भागावर, दंडांच्या बाहेरच्या बाजूस, गळ्याखालच्या हाडांवर आणि नडग्यांवर, ओल्या वाळूवर लाटांनी उमटवाव्यात तशा नागमोडी राखी रेषा दिसू लागतात. घर्षणाने मोडलेल्या पेशींतील केराटिनचे अमायलॉइड या प्रथिनात रूपांतर होऊन ते अंतस्त्वचेच्या वरच्या भागात साचते. हा विकार त्वचेपुरताच राहतो, मूत्रपिंड वा हृदयापर्यंत जात नाही. जपानमध्ये नायलॉनच्या अंगपुसण्यांमुळे होणाऱ्या अशाच डागांची नोंद १९८० च्या दशकात झाली. घासणी टाकून दिल्यावाचून येथे कोणतेही मलम गुण देत नाही, आणि टाकल्यावरही डाग फार हळू फिके होतात. अभ्यंगस्नानाच्या उटण्याला या प्रकरणात आरोपी करण्याचे कारण नाही. तेल लावलेल्या अंगावर हलक्या हाताने फिरवलेले उटणे आणि वर्षभर साबणाबरोबर ओढलेली जाळी यांत पुष्कळ अंतर आहे. दिवाळीत उरलेले उटणे पुढे महिनाभर वांगावर रगडणे मात्र त्या जाळीच्याच पंगतीत बसते.

कमरेवरचा काळा पट्टाही घर्षणाचाच, पण त्याच्याकडे अधिक गंभीरपणे पाहिले पाहिजे. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी काचत राहिली की तेथील कातडी काळी, जाड आणि खवलेदार होते, घामाने खाजते आणि क्वचित तिला जखम होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये घट्ट नेसलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. वर्ध्याच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये कमरेवरील जुन्या जखमेचे कर्करोगात रूपांतर झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली; त्यांपैकी एक परकर न घालता लुगडे कमरेशी घट्ट कसून नेसणारी होती. असा कर्करोग दुर्मीळ आहे, काळा पट्टा मात्र सर्रास आढळतो, आणि त्यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे: नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी, गाठ सैल आणि रोज थोडी वेगळ्या जागी बांधावी, आणि तेथील जखम न भरल्यास तिचा तुकडा तपासून घ्यावा.

चेहऱ्यावरचा वांग हा या सर्वांत चिवट. सुश्रुतसंहितेने व्यंग या नावाने त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आणि क्रोध व श्रम ही त्याची कारणे सांगितली. आजचे वैद्यक ऊन, गर्भारपण, संततिनियमनाच्या गोळ्या आणि आनुवंशिकता यांकडे बोट दाखवते. केवळ अतिनील किरणच नव्हेत, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो, त्यामुळे सावळ्या त्वचेसाठी लोहाची ऑक्साइडे असलेले, रंगछटा असलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी ठरते. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घेऊन ते उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते.

औषधांत सर्वाधिक वापर झाला तो टायरोसिनेजला अडवणाऱ्या हायड्रोक्विनोनचा. त्याच्या कुळाचा हा गुण ध्यानात आला तो अमेरिकेतील चामडे कमावणाऱ्या कामगारांमुळे; त्यांच्या हातांवर उमटलेल्या पांढऱ्या डागांचे मूळ रबरी हातमोज्यांतील एका रसायनात असल्याचे १९३९ मध्ये दाखवून देण्यात आले. पुढे १९७५ मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचवले, आणि त्याचीच सौम्य रूपे आजही प्रभावी मानली जातात. काही आठवडे, देखरेखीखाली, रात्री, फक्त डागावर, ही त्याची मर्यादा आहे. हायड्रोक्विनोन दीर्घकाळ वापरल्यास निळसर-काळे, जवळजवळ कायमचे डाग पडू शकतात, हे दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांवरून त्याच १९७५ साली नोंदले गेले.

भारतात ही मर्यादा पाळली गेली नाही. स्टेरॉइडयुक्त त्रिमिश्रण मलम गोरेपणाचे साधन म्हणून वर्षानुवर्षे लावले गेले. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, पुरळ आणि लव वाढते, आणि मलम थांबवताच आग होऊन डाग पूर्वीपेक्षा गडद होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या अनुसूची ‘एच’मध्ये घातली, नियम चांगला आहे, त्याची अंमलबजावणी तितकी चांगली नाही. पाऱ्याची मलमे त्याहून घातक आहेत. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जण गोरे करणारी मलमे वापरत होते.

इतर कारणे थोडक्यात सांगता येतील. वेदनाशामक किंवा प्रतिजैविक गोळी घेतल्यावर प्रत्येक वेळी त्याच जागी गोल, जांभळट-काळा डाग उठत असेल तर ती औषधाची ॲलर्जी असते, आणि ती गोळी कायमची टाळणे हाच उपचार. चिकुनगुन्यानंतर नाकावर आलेला काळेपणा बहुधा काही महिन्यांत आपोआप ओसरतो. बोटांच्या पेरांवरचा काळेपणा बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने येऊ शकतो, विशेषतः शाकाहारी व्यक्तींत, आणि ते जीवनसत्त्व मिळताच जातो. तळहातांच्या रेषा आणि हिरड्या काळवंडून थकवा आणि वजनात घट असेल तर अधिवृक्क ग्रंथी तपासाव्या लागतात. क्षयरोगाने त्या निकामी झाल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. रासायनिक पीलिंग आणि लेसर यांचा क्रम या सर्वांनंतर येतो, कारण सावळ्या त्वचेत त्यांनी होणारा दाह स्वतःच नवा डाग मागे ठेवू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेल्या सर्व मलमांच्या नळ्या, घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि ब्यूटी पार्लरमधून आणलेली बिननावाची डबी आठवणीने बरोबर न्यावी.